जपानी भयपट पहिल्यांदाच पाहताय? ‘डार्क वॉटर’ की ‘क्युअर’?

रक्ताचे सडे आणि अचानक कानठळ्या बसवणारं संगीत नको असेल, पण भीती मात्र हवी असेल, तर जपानी भयपटांसारखं दुसरं काही नाही. पहिला कुठला पाहू, असं विचारलं की बहुतेक जण ‘रिंग’चं (१९९८) नाव घेतात. मी घेणार नाही. दिग्दर्शक हिदेओ नाकातांनी तो फार संयमाने रचलाय, पण शापित व्हिडिओ कॅसेट, सात दिवसांची मुदत आणि टीव्हीसमोरचा तो शेवटचा प्रसंग यांच्या इतक्या नकला झाल्यात, की सिनेमा न पाहिलेल्यांनाही ते ठाऊक असतं.

त्यापेक्षा नाकातांचाच ‘डार्क वॉटर’ (२००२) घ्या. मूळ लेखन ‘रिंग’प्रमाणेच कोजी सुझुकींचं. घटस्फोट घेणारी योशिमी छोट्या मुलीचा ताबा मिळवण्यासाठी झगडतेय आणि त्यातच एका जुनाट इमारतीत राहायला आलीय. छताला ओल येते. डाग पसरत जातो, पाणी ठिबकू लागतं, तक्रार करूनही कुणी मनावर घेत नाही. गच्चीवर लहान मुलीची लाल पिशवी सापडते. टाकून दिली तरी ती परत येते. भीतीचं सामान जवळपास एवढंच. पण आपण धसका घेतो तो योशिमीच्या परिस्थितीचा. मुलीला बालवाडीतून आणायला उशीर झाला तर तेही उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर सतत असते. हितोमी कुरोकी ही अभिनेत्री ते फार खरं करते. इमारतीत भूत नसतं तरी या बाईची झोप उडालेलीच असती.

‘क्युअर’ (१९९७) वेगळ्याच जातीचा. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा. जगप्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशी त्यांचं नातं नाही. टोकियोत एकामागून एक खून होतात. प्रत्येक प्रेतावर एक्सच्या आकाराचा वार, पण खुनी दरवेळी निराळा. गुन्हा तो कबूल करतो, का केला ते मात्र त्यालाही सांगता येत नाही. तपास स्मृती गेलेल्या एका तरुणापाशी पोहोचतो, जो भेटेल त्याला विचारत राहतो, ‘तू कोण आहेस?’

यातला पोलीस चौकीबाहेरचा प्रसंग नीट पाहा. लख्ख दिवस, कॅमेरा लांबवर, जागचा हलत नाही. एक पोलीस शांतपणे आपल्या सहकाऱ्यावर मागून गोळी झाडतो, रोजच्या कामातलंच एखादं काम उरकल्यासारखी. संगीत नाही, चेहऱ्याचा क्लोजअप नाही. आपल्याला दचकायलाही सवड मिळत नाही आणि म्हणूनच तो प्रसंग मनातून जात नाही.

दोन्हींत मला ‘क्युअर’ मोठा सिनेमा वाटतो. तरीही नवख्या माणसाला मी ‘डार्क वॉटर’च सुचवेन. त्यात माया आहे, गोष्टीला उलगडा आहे, आणि भीतीइतकंच वाईटही वाटतं. ‘क्युअर’ उत्तरं हातात देत नाही. काहींना तो संपल्यावर फसवल्यासारखं वाटेल. पोलीस तपासाच्या कथा आवडत असतील आणि धूसर शेवट चालत असेल, तर मात्र थेट तिथूनच सुरुवात करा. घरी ताब्याचा वगैरे प्रश्न ताजा असेल तर ‘डार्क वॉटर’ सध्या राहू द्या, तो फार लागेल.

कुरोसावांचाच ‘पल्स’ (२००१, जपानी नाव ‘काइरो’) तिसऱ्या नंबरावर ठेवा. जवळपास दोन तासांचा, अतिशय संथ, आणि इंटरनेटमधून पसरणाऱ्या एकटेपणाबद्दलचा. त्यातलं एक भूत नुसतं चालत येतं, मध्येच अडखळतं, आणि अंगावर काटा येतो. ‘क्युअर’ आवडला तरच हा पचेल.

शोधताना साल नक्की बघा. ‘रिंग’, ‘डार्क वॉटर’ आणि ‘पल्स’ या तिन्हींच्या हॉलिवूड आवृत्त्या अनुक्रमे २००२, २००५ आणि २००६ मध्ये निघाल्यात आणि नावांमुळे घोटाळा होतो. डबिंग टाळा, सबटायटल्स लावा आणि जमल्यास हेडफोन घाला. या सिनेमांत ठिबकणारं पाणी आणि यंत्रांची घरघर संवादांइतकीच महत्त्वाची आहे.