ड्रायव्हरला लायसन्स नसतं: प्रिंटरच्या नावाखाली माझे ३१,४९९ रुपये गेले

तासगावात घराच्या पुढच्या खोलीत मी १८ वर्षं डीटीपीचं काम करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, करारनामे, सोसायट्यांचे अहवाल, अर्ज. गेल्या मार्चमध्ये तीन दिवसांत माझे ३१,४९९ रुपये गेले आणि त्याची सुरुवात एका साध्या प्रिंटरच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे प्रिंटर आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवरून झाली. जुन्या विंडोज ७च्या मशीनवर पोट असलेली माझ्यासारखी बरीच माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढते आहे.

जुनं मशीन का ठेवलं, असं मला सगळेच विचारतात. माझ्या श्रीलिपीचा (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा) डोंगल, म्हणजे ते चालू करणारी किल्लीसारखी कांडी, त्यावर चालतो आणि पानं मांडायच्या पेजमेकरमधल्या शेकडो फायली त्यावरच उघडतात. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद झाला हे मला ठाऊक आहे. तरी कामच त्यावर आहे.

मशीन रेंगाळायला लागलं म्हणून रॅम २ जीबीची ८ जीबी करून घेतली. विंडोज ३२ आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येतं. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या वर रॅम वापरता येत नाही, म्हणून हार्डवेअरवाल्याने ६४ बिटचं विंडोज ७ टाकून दिलं. तसं तो बोलला होता, पण माझ्या डोक्यात ते राहिलं नाही. डोंगल त्याने चालू करून दिला. प्रिंटर घरी होता, तो राहिला.

प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. सोबत आलेली सीडी मी जपून ठेवली होती. ती घातली तर सेटअप पुढे जाईना. केबल तशीच जोडली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळा त्रिकोण आला, प्रॉपर्टीजमध्ये कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. दुपारचे तीन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला दोन शाळांच्या वार्षिक परीक्षेच्या मास्टर कॉपी द्यायच्या होत्या. एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा दोनदा फोन येऊन गेला होता. मी पटकन प्रिंटरचं नाव आणि ‘ड्रायव्हर डाउनलोड’ टाइप केलं आणि जे सगळ्यात वर आलं त्यावर क्लिक केलं.

ती जाहिरात होती. पान मात्र हुबेहूब कंपनीचं वाटत होतं. तेच रंग, प्रिंटरचा फोटो, मॉडेल नंबर टाकायची चौकट. नंबर टाकल्यावर हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. बरोबर ६८ टक्क्यांवर ती थांबली आणि लाल अक्षरांत एरर आला. खाली मदतीचा नंबर. आता कळतं की तिथे काहीच डाउनलोड होत नव्हतं. ती पट्टी म्हणजे नुसतं चित्र, कुठलंही मॉडेल टाका, ते तिथेच अडकणार.

फोन उचलणारा माणूस अतिशय सभ्य होता. आधी हिंदीत, मग मोडक्या मराठीत, दर वाक्याला ‘मॅडम’. त्याने एनीडेस्क हे दुरून दुसऱ्याचं मशीन चालवायचं ॲप घ्यायला लावलं, स्क्रीनवरचा नंबर विचारला आणि मला ‘अलाउ’ दाबायला सांगितलं. माउसचा बाण आपोआप हलू लागला तेव्हा मला बरंच वाटलं, कुणीतरी काम हातात घेतलंय म्हणून.

पुढच्या १० मिनिटांत त्याने तीन गोष्टी दाखवल्या. आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. लाल खुणा आणि पिवळ्या त्रिकोणांची लांबच लांब यादी. “हे सगळे व्हायरस आहेत, मॅडम.” खरं तर अशी यादी प्रत्येक धडधाकट मशीनमध्ये असते, तुमच्याही आहे. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ चालवलं आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्यावर बाण फिरवून सांगितलं की परदेशातले चोर तुमच्या मशीनला जोडले गेलेत. त्या फॉरेनचा परदेशाशी काही संबंध नसतो, समोरच्या टोकाचा पत्ता एवढाच त्याचा अर्थ. शेवटी ‘ट्री’ ही कमांड. तिने फोल्डरांची नावं धबधब्यासारखी वाहू लागतात. ती थांबली तेव्हा तळाशी इंग्रजीत ओळ होती: ड्रायव्हर लायसन्स संपलं आहे. ती ओळ त्याने स्वतः टाइप केली होती. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच स्क्रीनवर. नावं इतक्या वेगाने पळत होती की मला ते दिसलंच नाही.

आयुष्यभराचं लायसन्स ३,४९९ रुपये. मी यूपीआयने भरले. त्याने स्क्रीन काळी केली, “सर्व्हरवरून बसवतोय” म्हणाला, आणि सात-आठ मिनिटांनी प्रिंटर घरघरला. टेस्ट पेज बाहेर आलं, कोमट, टोनरच्या वासाचं. मी त्या माणसाचे मनापासून आभार मानले. रात्री दीडपर्यंत बसून प्रश्नपत्रिका काढल्या.

काम झालं होतं, म्हणून मला संशयच आला नाही. प्रिंटर चालला नसता तर मी त्याच संध्याकाळी आरडाओरडा केला असता.

तिसऱ्या दिवशी त्याच आवाजाचा फोन आला. आता मी ‘दीदी’ झाले होते. कंपनीची योजना आली आहे, जुन्या ग्राहकांचे ३,४९९ परत मिळणार, फक्त रिफंड फोनवर घ्यावा लागेल. तेच ॲप त्याने मोबाइलवर घ्यायला लावलं. “रिफंड मंजूर करायला पिन टाका.” मी टाकला. १९,००० गेले. “चुकून उलटं झालं, आता दोन्ही एकत्र परत करतो,” म्हणून पुन्हा पिन. ९,००० गेले. पैसे यायचे असतील तर यूपीआयमध्ये पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. हे मी दुसऱ्यांना सांगितलेलं आहे. तरीही त्या क्षणी फसणारी बाई मीच होते.

हे घरी आले तेव्हा मी खुर्चीत नुसती बसून होते. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तोवर अडीच तास उलटले होते. तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, मग सायबर सेल. तिथल्या हवालदारांनी सांगितलं, “ताई, पहिल्या तासात आला असता तर जास्त अडवता आले असते.” ९,००० पुढच्या खात्यात होल्ड झाले आहेत, ते सोडवायचा अर्ज चालू आहे. १९,००० त्याच दुपारी पुढे निघून गेले. बँकेने साफ सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही असंच आहे: ग्राहकाच्या हलगर्जीपणाने गेलेलं, बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

रविवारी सांगलीहून भाचा आला. त्याने आधी नेटची केबल उपटली. एनीडेस्कमध्ये त्या माणसाने स्वतःचा पासवर्ड ठेवला होता, म्हणजे मशीन चालू असेल तेव्हा मला न विचारता तो आत येऊ शकत होता. तीन दिवस. त्या मशीनमध्ये लोकांच्या आधारच्या, पॅनच्या, पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं. मी ४१ जणांना फोन करून सांगितलं की आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. काही जण रागावले. त्यांचं बरोबर होतं.

मग भाच्याने डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. “मावशी, हे बघ.” त्या दिवशीची, दुपारी ४ वाजून १७ मिनिटांची एक फाइल. कॅननच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेला, विंडोज ७ साठीचा, ६४ बिटचा ड्रायव्हर. फुकट. कुणालाही मिळणारा. काळ्या स्क्रीनमागे त्याने एवढंच केलं होतं. माझी सीडी ३२ बिटची आणि विंडोज ६४ बिटचं, बिघाड एवढाच होता. लायसन्स, सर्व्हर, व्हायरस यातलं काहीच नव्हतं. ड्रायव्हरला मुदत नसते आणि प्रिंटरची कंपनी ड्रायव्हरचे पैसे घेत नाही.

मशीन फॉरमॅट केलं. त्या आधी सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले. नंतर प्रिंटर भाच्याने मलाच बसवायला लावला. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सिस्टिम टाइपमध्ये ३२ की ६४ ते पाहायचं. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीला हात लावायचा नाही. आधी सेटअप चालवायचा आणि त्याने सांगितल्यावरच यूएसबी केबल जोडायची. जुन्या प्रिंटरची केबल हबमध्ये न लावता थेट मशीनच्या मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावायची. निळा पोर्ट यूएसबी ३चा, आणि विंडोज ७ला स्वतःहून यूएसबी ३ कळत नाही.

उपकरण कुठलं तेच कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. त्यात व्हीआयडीनंतरची चार अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. कॅननची ०४ए९, एचपीची ०३एफ०. कंपनी कळली की तिच्याच साइटवर जायचं. तोच आयडी सर्चमध्ये टाकला तर ‘ड्रायव्हर अपडेटर’ विकणारी ढीगभर पानं येतात, ती उघडू नका. सगळं मिळून मला २० मिनिटं लागली.

परवा मी मुद्दाम पुन्हा तेच शब्द टाकून पाहिले. जाहिरात अजून वरच आहे. पट्टी ६८ वरच थांबते. खालचा फोन नंबर तेवढा बदलला आहे. मी तो सायबर क्राइमच्या पोर्टलवर कळवला आहे.