‘बोर्ड गेला’ म्हणाले, तर गेलेला बोर्ड हातात मागा

सांगलीत माझ्या काकांचा जुना कॉम्प्युटर सुरू होईना, म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला. दुकानदाराने मदरबोर्ड, म्हणजे आतले सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, बदलल्याचे पैसे घेतले आणि त्यांचाच जुना बोर्ड आत तसाच ठेवून मशीन परत दिलं. वर रॅमची, म्हणजे मेमरीची, एक पट्टी काढून घेतली. तुमच्या घरात किंवा दुकानात दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप असेल आणि तो एखाद्या सकाळी मुका होऊन बसला, तर तुमच्यावर हीच वेळ येऊ शकते. म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहितोय. तक्रार चालू आहे, त्यामुळे दुकानाचं नाव देत नाही.

काका मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीने २०१२ साली हा कॉम्प्युटर जोडून घेतला होता. पुढे पेढीवर नवीन मशीन आलं, तेव्हा शेठनी हे काकांना देऊन टाकलं. निवृत्तीनंतर काका विश्रामबागेत घरी बसून चार छोट्या दुकानदारांचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) सांभाळतात, जीएसटीचे रिटर्न भरतात. त्यावरच त्यांचा महिन्याचा वरखर्च निघतो. त्यामुळे हे मशीन जुनं असलं तरी अडगळीतलं नव्हतं.

वळवाच्या पावसात एका संध्याकाळी लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि त्यानंतर मशीन चालूच होईना. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. रिटर्नची २० तारीख तोंडावर होती. मी नोकरीला कोल्हापुरात, काका एकटे. त्यांनी शेजारच्या मुलाच्या मदतीने सीपीयू रिक्षात घातला आणि दुकानात नेला.

दुकानदाराने तो टेबलावर घेतला, वायर लावली, बटण दाबलं आणि झाकण न उघडता निदान सांगितलं. काकांनी ते मला शब्दाला शब्द ऐकवलंय: “काका, लाईटच्या झटक्यानं बोर्ड उडालाय. हार्डडिस्कलाबी मार बसला असणार. डेटा आधी काढून घ्याय लागंल, न्हाईतर सगळा जाईल.”

या तीन वाक्यांतलं तिसरं वाक्य खरं काम करून गेलं. बोर्डाच्या किमतीवर काका घासाघीस करू शकले असते, पेढीवर आयुष्यभर तेच केलंय त्यांनी. पण चार जणांचा हिशोब आपल्याकडे विश्वासाने ठेवलाय आणि तो जाईल म्हटल्यावर माणूस भाव करत नाही. “बोर्डाचं काय ते बघ, पण टॅलीचा डेटा तेवढा सुखरूप दे,” एवढंच ते म्हणाले.

आणि नेमकी इथेच थाप होती. हार्डडिस्क खराब झाली तर कॉम्प्युटर सहसा मुका होत नाही. पंखे फिरतात, स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह येतं आणि मग बूट करायला डिस्क सापडत नाही असा संदेश येऊन तो थांबतो. ज्या मशीनमध्ये दिवाच लागत नाही, त्याची डिस्क बरी की वाईट हे झाकण न उघडता कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय बोर्ड खरंच गेला असला, तरी डिस्क ही वेगळी वस्तू आहे. चार स्क्रू काढायचे, दोन वायरी सोडवायच्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. बहुतेक वेळा सगळा डेटा जिथल्या तिथे दिसतो.

मशीन परत आलं तेव्हा सोबत छापील नाव नसलेल्या कागदावर हिशोब होता: मदरबोर्ड ४,५००, डेटा बॅकअप ८००, विंडोज ५००, सर्व्हिस ७००. एकूण ६,५०० रुपये. बोर्ड कोणत्या कंपनीचा, मॉडेल काय, नंबर काय, वॉरंटी किती, यातलं काही नाही. काकांनी जुना बोर्ड मागितला, तर “तो स्क्रॅपमध्ये गेला” असं उत्तर मिळालं.

रिटर्न भरून झाले. पण टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की मशीन अडखळायचं. काकांनी ते वयावर घातलं, मशीनच्या. गणपतीला मी सांगलीत आलो, तेव्हा आरती झाल्यावर सहज कॉम्प्युटरची माहिती उघडून बघितली. मेमरी ४ जीबी दाखवत होता. आधी ८ जीबी होती. दुसरी ४ जीबीची पट्टी काकांनी स्वतः विकत घेतली होती, तिची पावती त्यांच्याकडे होती.

मग मी केबल काढून बाजूचा पत्रा उघडला.

हळदीच्या पेढीवर राहिलेली वस्तू लपत नाही. सौद्याच्या दिवसांत तिथल्या हवेतच हळद असते, ती कपड्यांवर बसते, वहीच्या कडांवर बसते, आणि कॉम्प्युटरचा पंखा तर ती ओढूनच घेतो. या ‘नव्या’ बोर्डावर प्रोसेसरच्या पंख्याखाली, कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांच्या, बुडाशी, स्लॉटच्या खाचांत पिवळी धूळ घट्ट बसलेली होती. वरवर ब्रश मारला होता, पण कोपऱ्यांत ब्रश पोचला नव्हता. रॅमच्या दोन स्लॉटपैकी एकात पट्टी होती. दुसरा रिकामा होता, आणि त्याच्या दोन्ही कडांना हळद असताना आतली पट्टी बसायची चीर मात्र स्वच्छ होती. म्हणजे त्या चिरेत इतकी वर्षं काहीतरी बसलेलं होतं आणि ते नुकतंच निघालं होतं.

नवी कोरी वस्तू आत एकच होती: वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस. हलक्या पत्र्याचा, कंपनीचं नाव नसलेला. आणि नेमका त्याचाच हिशोबाच्या कागदावर उल्लेख नव्हता. खरा बिघाड काय होता हे मला तिथेच कळलं. लाईटच्या येण्या-जाण्यात जुना एसएमपीएस गेला होता. साधा नवा एसएमपीएस सात-आठशे रुपयांत मिळतो. तो बसवून मशीन चालू झालं होतं, आणि पैसे बोर्डाचे घेतले होते.

काका दिवाणजी असल्याचा इथे उपयोग झाला. त्यांनी कागद आणि खोकी टाकलेली नाहीत. माळ्यावर २०१२ चं मदरबोर्डचं खोकं निघालं, त्याच्या कडेला सिरियल नंबरचा स्टिकर. बोर्डावरच्या स्टिकरवर तोच नंबर. आम्ही दोन्ही शेजारी धरून फोटो काढला. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून बघितलं, तर त्यात बायोसची, म्हणजे बोर्डातच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमची, तारीखही २०१२ ची. आणखी एक गोष्ट जुळली. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की विंडोज साधारणपणे पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगतं. इथे विंडोज नव्याने टाकूनही जुना परवाना आपोआप लागू झाला होता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नसतं, पण हळद आणि खोक्यावरचा नंबर यांच्या जोडीला ते पुरेसं होतं.

खोकं, फोटो आणि रॅमची पावती घेऊन आम्ही दुकानात गेलो. सुरुवातीला “मशीन चालू हाय न्हवं? मग?” असा सूर होता. मग म्हणाले, बोर्ड सेकंडहँड होता, त्याला धूळ असणारच. मी विचारलं, सेकंडहँड बोर्डावर आमच्या खोक्यावरचा नंबर कसा आला? त्याला उत्तर नव्हतं. रॅम मात्र त्यांनी आतल्या खोलीतून आणून दिली, “पोराकडनं राहिली असंल” म्हणत. पैशाचा विषय काढल्यावर तीन हजार देतो, मिटवा, म्हणाले. काकांनी नकार दिला. मला त्यांचा नकार पटला. चूक झाली असती तर तीन हजारांत मिटवलं असतं. डेटा जाईल अशी भीती घालून म्हाताऱ्या माणसाकडून पैसे काढणं ही चूक नव्हे.

आता तुमचं मशीन मुकं झालं तर दुकानात नेण्याआधी काय बघता येतं ते सांगतो. यात इंजिनियर लागत नाही.

पहिल्यांदा भिंतीच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा, लाईट येते का. यूपीएस मधे असेल तर तो बाजूला काढून थेट भिंतीला जोडा. बॅटरी बसलेला यूपीएस कित्येकदा पुढे वीजच देत नाही. मॉनिटरची आणि सीपीयूची विजेची केबल बहुधा एकाच प्रकारची असते, त्यांची अदलाबदल करून बघा. एसएमपीएसच्या मागे छोटं बटण असतं, झाडलोटीत ते बंद झालेलं असू शकतं. मग केबल पूर्ण काढून पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा जोडा. आत अडकलेला चार्ज निघून गेला की काही मशीन एवढ्यावरही उठतात.

इतकं करूनही दिवा लागला नाही, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यायचा, बोर्डावर नाही. त्याची परीक्षा दुकानदाराला तुमच्या समोर दोन मिनिटांत करता येते, आणि ती करायला लावा. बोर्डात घुसलेला २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढायचा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका पिनेने जोडायची आणि मग वीज चालू करायची. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही, तर डबा गेला. फिरला तरी तो शंभर टक्के चांगला आहे असं होत नाही, लोड आल्यावर तो बसू शकतो. म्हणून दुकानातला दुसरा चालू एसएमपीएस लावून बघायला सांगा. दुसऱ्या डब्यावर मशीन चालू झालं, तर बोर्ड बदलायचा प्रश्नच उरत नाही. घरी मात्र एसएमपीएसचा डबा कधी उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार चार्ज राहिलेला असतो.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, असं असेल तर वाट वेगळी. तेव्हा रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके पुसायचे आणि पुन्हा घट्ट बसवायची. दमट हवेत त्या दातांवर थर धरतो आणि जुन्या मशीनचा हा नेहमीचा आजार आहे. कॅबिनेटला छोटा स्पीकर असेल तर सगळी रॅम काढून मशीन चालू करा. रॅम नाही म्हणून ते बीप-बीप ओरडलं, तर बोर्ड जिवंत आहे. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदला. तो ३ व्होल्टचा असतो आणि पन्नासेक रुपयांत येतो.

बोर्ड कधीच जात नाही, असं माझं म्हणणं नाही. जातो. फुगलेले, डोकं फुटलेले कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि इमानदार कारागीर ते बोट ठेवून दाखवतो. सांगलीत असे कारागीर आहेत. २०१९ च्या महापुरानंतर पाण्यात राहिलेल्या डिस्क वाळवून लोकांचा डेटा काढून देणारेही मी बघितलेत. ते आधी झाकण उघडतात आणि मग बोलतात.

मशीन देताना झाकण उघडून आतला फोटो काढा. बोर्ड, रॅम, हार्डडिस्क या प्रत्येकावर नंबर असतो, तो फोटोत वाचता येईल असा घ्या. दुकानदाराच्या समोर घेतला तर आणखी चांगलं. शक्य असेल तर हार्डडिस्क घरीच काढून ठेवा. मुक्या मशीनची तपासणी करायला तिची गरज नसते. आणि बदललेला जुना भाग परत हवा हे आधीच कागदावर लिहून घ्या. आमच्या बाबतीत एवढी एक अट असती तर बोर्डाचे पैसे मागताच आले नसते, कारण द्यायला जुना बोर्ड वेगळा नव्हताच.

तक्रारीबद्दल थोडं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आधी तिथे नोंद केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाची किंवा सेवेची पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते, त्यामुळे तो कच्चा कागद उलट आमच्या बाजूने उभा राहतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. काकांना कुणीतरी सांगितलं होतं, धंद्यासाठीचं मशीन आहे, तुम्ही ग्राहक ठरत नाही. हे अर्धवट आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू असेल, तर तो माणूस ग्राहकच धरला जातो, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. पेढीवरचा मोठा व्यापारी आणि घरी बसून चार वह्या सांभाळणारा दिवाणजी, यांत कायदा फरक करतो.

हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर दुकानातून पुन्हा फोन आला आणि आकडा तीन हजारांवरून चार हजारांवर गेला. काकांचं म्हणणं, एसएमपीएसची वाजवी किंमत आणि मजुरी कापून बाकी सगळे द्या, आणि जे बसवलं त्याची पक्की पावती द्या. तसं रजिस्टर पोस्टाने कळवलंय. त्यात ठरवून दिलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर खोकं, फोटो आणि तो कागद जोडून आयोगात अर्ज जाईल. अर्ज काकांनी स्वतःच्या हाताने लिहून तयार ठेवलाय.