एमसीबी लॉक, हॅस्प आणि दरवाजावरचं हँडल: अंबडच्या प्रेस शॉपमध्ये आठ-नऊ महिने वापरल्यावर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप (दाब देऊन पत्र्याचे भाग बनवायचा कारखाना) आहे. पॉवर प्रेस, दोन-तीन सीएनसी, एक स्क्रू कॉम्प्रेसर आणि गेल्या वीसेक वर्षांत ज्याला जसं सुचलं तसं त्याने जोडत नेलेली पॅनेलं. मेंटेनन्स माझ्याकडे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ग्राहक कंपनीचं ऑडिट झालं आणि शेऱ्यात आलं, ‘स्विच बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय नाही.’ तोवर आमची सोय म्हणजे सुतळीने बांधलेली ‘काम चालू आहे’ची पाटी. मालकांनी बजेट दिलं आणि लाल पेटीतलं लोटो (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे वीज तोडून स्विचला कुलूप आणि पाटी लावायचं) किट आलं: एमसीबीची (फॉल्ट आला की आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचची) लॉक, सहा भोकांचा हॅस्प (एकाच जागी अनेकांची कुलपं लावायची कडी), नायलॉन बॉडीची कुलपं, टॅगांचा गठ्ठा. शिवाय दोन मशीनच्या पॅनेलना दरवाजावर रोटरी (फिरवून चालू-बंद करायची) हँडल बसवून घेतली. सगळं रोजच्या वापरात आहे, म्हणून लिहितोय.

आधी निकाल सांगतो. हँडलचे पैसे वसूल झाले. किटचे निम्मेच.

किटची गोची एमसीबी लॉकमध्ये आहे. पाकिटावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लॉकचे मुख्य प्रकार असे: एकात दोन बारीक पिना बाहेरच्या बाजूला सरकतात आणि खटक्याच्या दोन्ही अंगांना एमसीबीच्या बॉडीत जी भोकं असतात त्यात बसतात. त्यातच रुंद फटीसाठीचा वेगळा येतो. दुसऱ्यात पिना आतल्या बाजूला दाबून खुद्द खटक्याच्या भोकात जातात. तिसरा दोन-तीन पोलचे खटके जोडणाऱ्या दांडीवर बसतो. आणि चौथा स्क्रूने आवळायचा क्लॅम्प. आमच्या एकाच डीबीत (वीज वाटणाऱ्या बोर्डात) तीन कंपन्यांचे एमसीबी आहेत. पिनवाली लॉक एका कंपनीच्या एमसीबीवर टक् करून बसली, दुसऱ्यावर भोकंच नाहीत, तिसऱ्यावर पिन जाते पण खटका अर्ध्यापर्यंत हलतो. क्लॅम्पचं तर विचारू नका. अरुंद, गुळगुळीत खटका असेल तर स्क्रू कितीही आवळा, आमच्या हेल्परने दोन बोटांनी ओढून काढून दाखवला. ‘साहेब, हे कुलूप की क्लिप?’ म्हणाला. पोरगं बरोबर होतं.

त्यामुळे घेणार असाल तर पेटी घेऊ नका. डीबी उघडा, एमसीबीचे फोटो काढा, एकेक नमुना आणून बसवून बघा, बसल्यावर जोर लावून ओढा. तुमच्या ओढण्याने निघालं तर कुणाच्याही ओढण्याने निघेल. सुटी लॉक दीड-दोनशेपासून मिळतात. कुलूप मात्र जरा बरं घ्या, कडी सहा मिलिमीटर जाडीची. आमच्याकडे कुणीतरी स्टोअरमधलं जाड पितळी कुलूप आणलं होतं, ते ना हॅस्पच्या भोकात गेलं ना हँडलच्या.

एक गैरसमज दोन-तीन जणांनी बोलून दाखवला, म्हणून लिहितो. फायर पंपाचा एमसीबी कुणी बंद करू नये म्हणून ‘ऑन’ स्थितीत कुलूप लावलं, तर फॉल्टच्या वेळी तो ट्रिप होणार नाही असं त्यांना वाटत होतं. तसं नाही. खटका वर अडकलेला असला तरी आतली यंत्रणा सुटते आणि कॉन्टॅक्ट उघडतात. उलटा धोका लक्षात ठेवा: खटका वर दिसतोय म्हणजे सप्लाय आहे असं समजू नका.

आणखी एक कटकट. लॉक पुढे आलेलं असतं, त्यामुळे डीबीचं दार मिटत नाही. जुलैत आमच्या शेडला गळती आणि त्यात दार उघडं. शेवटी प्लॅस्टिकचा कागद लावून वेळ मारून नेली.

आता हँडल. दरवाजा मिटल्यावर आतल्या आयसोलेटरचा (वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचचा) लांब दांडा हँडलच्या खोबणीत जातो. ‘ऑन’ असताना दरवाजा उघडत नाही. ‘ऑफ’ला आणलं की हँडलमधली पट्टी बाहेर ओढता येते आणि तिच्या भोकांत तीन कुलपं बसतात. म्हणजे प्रेसवर फिटर, वायरमन आणि डाय (साचा) बदलणारा असे तिघे असतील तर हॅस्पसुद्धा लागत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. डाय सेटर मामांना आधी हे सगळं थोतांड वाटायचं. आता ते कुलूप लावून चावी बनियनच्या खिशात टाकल्याशिवाय रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) हात घालत नाहीत.

पण हँडलची मर्यादा विकणारा सांगत नाही. ती मशीनवर काम करणाऱ्याला वाचवतात, पॅनेलच्या आत काम करणाऱ्याला नाही. आमच्या हँडलला कुलूप असताना दरवाजाही उघडत नाही, म्हणजे आत काम करायचं तर कुलूप काढावं लागतं. दरवाजा उघडला की हँडल दरवाजासोबत बाजूला गेलं आणि आतला दांडा मोकळा. पकडीने धरून फिरवला की मशीन चालू! यासाठी दांड्यावर बसणारं आतलं हँडल मिळतं, त्याला वेगळं कुलूप लागतं. ते ऑर्डर करतानाच मागा. शिवाय आयसोलेटर बंद असला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर सप्लाय असतोच. तिथे पारदर्शक झाकण नसेल तर आधी ते लावा, बाकी सगळं नंतर. पॅनेलमधल्या केबलवरच काम असेल तेव्हा आम्ही मागच्या फीडरला (या पॅनेलला वीज पाठवणाऱ्या स्विचला) कुलूप लावतो.

दरवाजा बिजागरीत खाली बसला की दांडा आणि खोबणी जुळत नाही. आमच्या एका जुन्या पॅनेलला हा त्रास झाला, बिजागरी बदलल्यावर थांबला.

कुलूप लावलं म्हणजे वीज गेली, असंही नाही. मीटर आधी चालू सप्लायवर तपासा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर. याने एकदा आमच्या प्रेसच्या कंट्रोल सर्किटला दुसऱ्याच डीबीतून २३० व्होल्ट येतंय ते सापडलं. जुन्या वायरिंगची कृपा. एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलमधले कॅपॅसिटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं साधन) यांच्यात साठलेला चार्ज कुलपाने जात नाही. ड्राइव्हच्या झाकणावर थांबायची मिनिटं लिहिलेली असतात, तेवढी थांबा आणि मग मोजा.

टॅगांबद्दल तक्रार आहे. किटमधले टॅग फक्त इंग्रजीत. आमच्या कंत्राटी पोरांपैकी निम्मी बिहार-युपीची, निम्मी सिन्नर-इगतपुरीकडची. मी एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी छापून, लॅमिनेट करून घेतले, नावासाठी पेंट मार्कर ठेवला. बॉलपेनचं नाव कुलंटच्या (मशीनवर गार ठेवायला सोडलेल्या द्रवाच्या) तुषाराने आठवड्यात उडतं.

कुलपांमध्ये बारीक लोखंडी भुसा जातो. तेल घालू नका, चिखल होतो, ग्रॅफाइट पावडर चालते. दसऱ्याला मशीनच्या पूजेत कुणीतरी भक्तिभावाने कुलपालाही हळदकुंकू वाहिलं आणि ते थेट चावीच्या भोकात. अर्धा तास फुंकर मारण्यात गेला.

चाव्यांबाबत हात आखडता घेऊ नका. एकाच चावीने उघडणारी कुलपं स्वस्त पडतात, पण मग ती कुलपं लावून उपयोग काय? प्रत्येकाची वेगळी चावी हवी. याचा ताप होतोच: आमचा एक फिटर कुलूप तसंच ठेवून दिंडोरीला घरी गेला, फोन बंद, आणि दुसऱ्या पाळीत प्रेस उभी. कटर आणायला सगळे तयार. आमचा नियम आहे की माणसाशी बोलून तो आवारात नाही याची खात्री झाल्याशिवाय आणि मशीन तपासल्याशिवाय कडी कापायची नाही. प्रेस सकाळपर्यंत उभी राहिली, मालक चिडले, पण नियम टिकला.

ज्यांना हे परदेशी खूळ वाटतं त्यांच्यासाठी: अमेरिकेचा लोटोचा नियम १९८९ चा आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २४ मध्येही, चुकून ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर जाऊ शकणारं वीज तोडायचं साधन सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करता यावं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आमच्या ऑडिटवाल्याने नवीन काही मागितलं नव्हतं.

जुनी स्विच-फ्यूज युनिटं असतील तर नवीन काही घेण्याआधी बाजूच्या हँडलपाशी नीट बघा. कुलपाचं भोक बहुतेक वेळा कारखान्यातूनच आलेलं असतं, पण वर्षानुवर्षांच्या ऑइलपेंटखाली बुजलेलं. आमच्या कॉम्प्रेसरच्या युनिटला ते मोकळं करायला एक खिळा पुरला.