ईजीआर बंद करावा की साफ करावा : साताऱ्यातील दोन गॅरेजांचा अनुभव

साताऱ्यात डिझेल गाडी लाखभर किलोमीटरच्या पुढे गेली आणि चढाला दमू लागली, की निम्म्याहून अधिक मिस्त्री एकच उपाय सुचवतात : ईजीआर (जळका वायू इंजिनात परत सोडणारी वाट) पट्टी बसवून बंद करून टाका. हा उपाय मी पैसे मोजून करून पाहिला, दहा महिने वापरला आणि पुन्हा पैसे मोजून काढूनही टाकला. दोन्ही कामे वेगवेगळ्या गॅरेजांत झाली. त्यांची नावे मी देत नाही, कारण येथे परीक्षण करायचे आहे ते प्रामुख्याने कामाचे.

माझी गाडी २०१८ सालची, बीएस-४ या प्रदूषण मानकाची डिझेल हॅचबॅक आहे. तिचा बहुतेक वापर गोडोली, पोवई नाका, राजवाडा असा शहरातल्या शहरात होतो. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच प्रवास संपतो, आणि डिझेल इंजिनाला याहून वाईट दिनक्रम क्वचितच असेल. १,१२,००० किलोमीटरच्या सुमारास यवतेश्वरच्या घाटात जेथे गाडी पूर्वी तिसऱ्या गिअरवर सहज चढत असे, तेथे दुसरा टाकावा लागू लागला. पाय दाबला की मागे काळा धूर आणि पुढे ओढ नाही, अशी तिची अवस्था झाली.

ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग परत आत घेण्याची व्यवस्था. हवेतील नायट्रोजन एरवी निरुपद्रवी असतो. पण सिलिंडरमधील तापमान फार वाढले, की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजनची घातक ऑक्साइडे तयार होतात. जळून गेलेला वायू ताज्या हवेत मिसळला, की ऑक्सिजनचे प्रमाण घटते, त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात आणि ज्वलनाचे कमाल तापमान खाली येते. हे बहुतांशी इंजिन रिकामे फिरत असताना किंवा हलक्या भारावर चालत असताना घडते. चालकाने पाय पूर्ण दाबला, की गाडीतील संगणक ही वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह मिटतो, कारण तेव्हा इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते. म्हणजे व्हॉल्व्ह नीट चालत असेल, तर भर चढावर तो मुळातच बंद असतो, आणि जी वाट आधीच बंद आहे ती पट्टी ठोकून पुन्हा बंद केल्याने ताकद वाढण्याचे कारण नाही. हे मला पट्टी बसवण्याआधी कोणी सांगितले असते, तर पुढचा बराच खर्च वाचला असता.

पहिल्या गॅरेजातील मिस्त्रींनी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र, न लावताच निदान केले. ‘‘साहेब, स्वतःचाच धूर परत गिळतीया गाडी, श्वास कसा घेणार ती?’’ असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो ऐकायला पटणारा होता. त्यांनी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणारा नळ्यांचा भाग, उतरवून त्यातील काजळी खरवडली, व्हॉल्व्हकडे येणाऱ्या नळीच्या तोंडाशी दोन मिलिमीटरची पोलादी पट्टी बसवली आणि एकूण २,८०० रुपये घेतले. संध्याकाळी मी यवतेश्वरपर्यंत गेलो. गाडी तिसऱ्या गिअरवर चढली, धूर नाहीसा झाला आणि मी पट्टीचे गुणगान गाऊ लागलो. टाकी काठोकाठ भरून मोजलेले अ‍ॅव्हरेज १७.८ वरून १९.६ वर गेले.

नवव्या दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. संगणक व्हॉल्व्ह उघडण्याचा हुकूम देतो, तेव्हा आत येणारी ताजी हवा तेवढ्या प्रमाणात कमी व्हायला हवी; हवा मोजणारा सेन्सर तसे दाखवत नसेल, तर पी०४०१ हा दोष नोंदला जातो. तो पुसला, की चार-पाच दिवसांत पुन्हा येई. त्यावर गॅरेजचे उत्तर असे, की आता १२,००० रुपयांत संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून घ्यावे, म्हणजे तो ईजीआरची विचारपूसच करणार नाही. दिवा लागू नये म्हणून दिवा लावणाऱ्यालाच गप्प करण्याचा हा उपाय मला रुचला नाही. शिवाय डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. माझ्या गाडीत ईजीआर कूलर आहे. गरम वायूची उष्णता त्यातून कूलंटला मिळते आणि पट्टीमुळे ती वाट बंद होते, हे नंतर समजले.

दुसरे गॅरेज एमआयडीसीत आहे. डिझेल इंजिन हे साताऱ्याला नवे नाही. सातारा रोड या गावच्या कूपर कारखान्यात ती पूर्वीपासून तयार होत असत, आणि या गॅरेजचे वयस्कर मिस्त्री बोलतानाही कोणी घरचा विषय काढावा तसे बोलतात. त्यांनी आधी पट्टी काढली, मग स्कॅनर जोडून व्हॉल्व्हची स्थिती पडद्यावर दाखवली. शून्य टक्के, म्हणजे पूर्ण बंद, असा हुकूम असतानाही तो सुमारे बारा टक्के उघडा राहत होता. सगळी मेख येथे होती. काजळी आणि क्रँककेसच्या (इंजिनाच्या तळाकडील भागाच्या) श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ मिळून मेणचट काळा थर तयार होतो, तो व्हॉल्व्हच्या बैठकीवर चिकटतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग भर चढावरही जळका वायू आत शिरतो, ताज्या हवेची जागा अडवतो, आणि जो वायू टर्बोचे (इंजिनात जादा हवा भरणाऱ्या यंत्राचे) चाक फिरवायला जायला हवा तोही वाटेतच वळतो. डिझेल तेवढेच आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. पट्टीने झाकला होता तो हा बिघाड. ईजीआरचा मूळ दोष असा काही नव्हताच.

सफाईचे काम पाहण्यासारखे होते. व्हॉल्व्ह काढल्यावर विजेच्या मोटारीचा भाग वर राहील असा तो धरून, कार्ब क्लीनर फवारून नायलॉनच्या ब्रशने थर काढला. तारेचा ब्रश वापरायला निघालेल्या पोराला मिस्त्रींनी तेथल्या तेथे अडवले, कारण बैठकीवर ओरखडा पडला की ती पुन्हा गळते. कूलर पाण्याच्या दाबाने तपासला, मॅनिफोल्ड पुन्हा उतरवून धुतला, श्वासनळी साफ केली, सगळी पॅकिंग नवी घातली आणि स्कॅनरवरून संगणकाला व्हॉल्व्हची बंद स्थिती नव्याने शिकवली. ही शेवटची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते, आणि मग सफाई करूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते.

आता ईजीआर पूर्ण चालू असताना गाडी यवतेश्वर तिसऱ्या गिअरवर चढते आणि अ‍ॅव्हरेज १९.५ मिळते. १९.६ आणि १९.५ मधला फरक माझ्या मोजणीच्या चुकीतच बसतो. याचा अर्थ पहिल्या वेळी जो फायदा झाला, तो साफ झालेल्या मॅनिफोल्डचा आणि बिघडलेल्या व्हॉल्व्हवर पडलेल्या झाकणाचा होता. त्याचे श्रेय मी एका पत्र्याच्या तुकड्याला देत बसलो होतो.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. ती दहा महिने पट्टी लावलेली गाडी पीयूसी तपासणीत विनातक्रार पास झाली होती, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे नव्हे. ईजीआर बंद केला की काजळी उलट कमी होते आणि न दिसणारे प्रदूषण वाढते. बीएस-४ डिझेल कारला या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.०८ झाली, ही आकडेवारी ईजीआरसारख्या यंत्रणा चालू आहेत असे धरूनच गाठलेली असते. पीयूसीचा कागद हातात असला, तरी प्रदूषणाचे मानक मोडून गाडी चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे गुन्हाच ठरतो आणि दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बीएस-६ गाडीवाल्यांनी तर पट्टीच्या वाटेला जाऊच नये, कारण तेथे ईजीआर, डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) आणि पुढची सगळी साखळी एकमेकांच्या हिशेबावर चालते.

दुसऱ्या गॅरेजबद्दल तक्रारी नाहीत असे नाही. दुपारी देतो म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. बसायला एक मोडकी खुर्ची आहे. मॅनिफोल्ड धुतलेले काळे पाणी सरळ मागच्या गटारात सोडले गेले, आणि हवेच्या प्रदूषणावर मला अर्धा तास समजावणाऱ्या माणसाच्या दारात ते पाहून वाईट वाटले. बिल ४,६०० रुपये झाले, पण त्यात प्रत्येक पॅकिंगची किंमत वेगळी लिहिलेली होती आणि जुनी पॅकिंग पिशवीत घालून परत दिली होती.

जाणार असाल, तर आधी फोन करून गाडीचे मॉडेल सांगावे. कूलरचे पॅकिंग साताऱ्यात नेहमी मिळत नाही, ते पुण्याहून मागवावे लागते. माझा दीड दिवस त्यातच गेला.