सपाट पाय: आधी मापाचा इनसोल, मग ऑपरेशन, वर्षभराचा अनुभव

तळव्याची कमान बसून सपाट झालेल्या डाव्या पायासाठी मी आधी काही महिने मापाचा इनसोल, म्हणजे बुटात घालायचा आधाराचा तळ, वापरला. गेल्या दिवाळीनंतर टाचेच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि आता बुटात पुन्हा इनसोलच आहे. मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग टेबलवर काम करते, म्हणजे दिवसभर उभं राहायचं. सोलापुरात असं काम करणाऱ्या बायका खूप आहेत. "इनसोल घेऊ का थेट ऑपरेशन करू?" हा प्रश्न सारखा येतो, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

माझं ठाम मत आधी सांगते. यातलं काहीही घ्यायच्या आधी डॉक्टरांनी तुम्हाला उभं करून, सलवार किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर धरायला लावून, मागून पाय बघितला पाहिजे. झोपवून बघितलं की माझ्या पायात काहीच दिसायचं नाही, कारण वजन पडल्याशिवाय कमान बसतच नाही. पहिला एक्स-रे झोपवूनच काढला होता आणि तो "नॉर्मल" आला. आतल्या घोट्यामागची सूज आणि दुखणं मात्र चालूच होतं. घरचे म्हणायचे, "वय झालं की ओ, तेल लावा."

हाडाच्या ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांनी पाच मिनिटं मला फक्त उभं केलं. मागून बघितलं तर उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट एवढंच दिसत होतं. डाव्या बाजूला मात्र जवळजवळ सगळी बोटं बाहेर डोकावत होती, टाच बाहेर कलली होती. मग म्हणाले, भिंतीला हात लावा आणि एका पायाच्या चवड्यावर उभ्या राहा. उजव्यावर राहिले. डावी टाच काही केल्या उचलली जाईना. पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून तळव्याकडे जाणारा टिबियालिस पोस्टेरियर नावाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, असतो. चालताना कमान तोच धरून ठेवतो. माझा तो झिजून ढिला पडला होता. चाळिशीनंतरच्या बायकांत हे जास्त दिसतं, आणि वजन, बीपी, शुगर असेल तर आणखी.

पुढची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. त्यांनी टाच हातात धरून सरळ करून बघितली. ती सरळ होत होती. म्हणजे पाय बसलेला आहे पण ताठरलेला नाही. या आजाराच्या पायऱ्या जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी 1989 मध्ये मांडल्या, त्यातली ही दुसरी. तिसरीत सांधे ताठ होतात आणि मग बहुतेक वेळा सांधे जोडून टाकायचं ऑपरेशन करावं लागतं. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून घोटा किती वर येतो तेही बघितलं. माझी पोटरी आखडलेली निघाली. मग उभं राहून एक्स-रे काढला. घोट्याच्या हाडातून आणि अंगठ्यामागच्या लांब हाडातून काढलेली रेघ निरोगी पायात जवळपास सरळ जाते, चारेक अंशांचा फरक चालतो. माझ्या फोटोत ती मध्येच खाली वाकली होती. तेच हाड, तोच पाय, फक्त मी उभी होते.

आता इनसोल. बाजारातले मऊ जेलचे तयार इनसोल चार दिवस बरे वाटतात, मग दबून जातात. मापाचा इनसोल फोममध्ये पाय दाबून, साचा घेऊन बनवतात. खाली कडक थर, टाचेला खोल वाटी, आतल्या कडेला थोडी उंची. पहिल्या आठवड्यात तळव्यात टोचल्यासारखं झालं, रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेल्यावर सवय झाली. संध्याकाळची सूज खरोखर कमी झाली. पण इनसोल कमान तयार करत नाही. तो बुटात असेपर्यंत धरून ठेवतो, काढला की पाय जिथल्या तिथं.

आणि आपल्याकडे बूट असतो किती वेळ? घरात शहाबादी फरशीवर अनवाणी, देवळात अनवाणी, बाहेर चप्पल. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर बंद बूट घालणं ही शिक्षाच आहे. मी एक जोडी कारखान्यात ठेवली आणि घरासाठी मागून पट्टा असलेली, कमानीला आधार देणारी वेगळी चप्पल घेतली. ही दुसरी खरेदी इनसोलइतकीच कामाची ठरली. ज्या बायका दिवसभर घरात असतात त्यांनी हा हिशोब आधी करावा, नाहीतर महागाचा इनसोल कपाटात पडून राहतो.

इनसोल, पोटरीचे व्यायाम, घोट्याचा पट्टा एवढं सगळं करूनही टाच कलत चालली, तेव्हा ऑपरेशन ठरलं. पाय ताठरायच्या आत केलं तर सांधे वाचतात, हे मला पटलं. टाचेचं हाड कापून सुमारे 1 सेंटीमीटर आत सरकवलं आणि स्क्रूनं बसवलं. बोटं वाकवणारा शेजारचा टेंडन झिजलेल्या टेंडनच्या जागी जोडला. पोटरीही थोडी सैल केली. कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे मी जागी होते. टेंडन घेतल्यामुळे बोटांची पकड थोडी कमी होईल असं आधीच सांगितलं होतं. चालताना ते मला जाणवतसुद्धा नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. आमचं घर पहिल्या मजल्यावर, संडास भारतीय पद्धतीचा. कमोडची खुर्ची, वॉकर, आंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल, हे सगळं ऑपरेशनच्या आधी घरात आलेलं असावं. पाय सतत उशीवर उंच. प्लॅस्टरमध्ये खाज येते, म्हणून मी थंडीचे दिवस निवडले आणि एप्रिल-मे टाळा असं सगळ्यांना सांगते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, आमच्या गड्ड्याला, होम मैदानावर जाता आलं नाही, नंदीध्वजांची मिरवणूक टीव्हीवर बघितली. डोळे भरून आले होते. प्लॅस्टरनंतर वॉकर बूट, मग फिजिओथेरपी. टॉवेल जमिनीवर पसरून बोटांनी ओढायचा, पुढे आधार धरून दोन्ही टाचा उचलायच्या. हे कंटाळवाणं आहे, पण जोडलेल्या टेंडनला नवं काम याच व्यायामानं शिकवावं लागतं. फिजिओचे पैसे वाचवू नका.

आज दिवसभर उभी राहते. आतल्या घोट्याचं ते जुनं दुखणं गेलं. डाव्या एकट्या पायावर टाच उचलते, उजव्याइतकी उंच नाही. संध्याकाळी थोडी सूज अजून येते, ती वर्षभर राहू शकते असं सांगितलंच होतं. टाचेच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर आहे. स्क्रू थंडीत जाणवतो, त्रास वाढला तर काढता येतो. खर्च साहित्य आणि दवाखान्याप्रमाणे फार बदलतो. महात्मा जोतिराव फुले योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी लेखी विचारा.

दोन गोष्टी लहान मुलांबद्दल. तीन-चार वर्षांच्या मुलाचा तळवा सपाट दिसला म्हणून घाबरू नका. चवड्यावर उभं केल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही, कमान पुढे काही वर्षांत आपोआप येते. मात्र शाळेतल्या मोठ्या मुलाचा पाय सपाट, ताठ आणि दुखरा असेल तर दाखवा. दोन हाडं जन्मतः जोडलेली असू शकतात.

माझ्या भाच्याचं नेमकं उलटं आहे. त्याची कमान उंच, टाच आत वळलेली, बुटाची बाहेरची कड झिजते, घोटा सारखा मुरगळतो. त्याच्यासाठी माझ्यासारखाच इनसोल घ्यायला वहिनी निघाल्या होत्या. त्यांना मी थांबवलं, कारण आतली कमान उचलणारा इनसोल असा पाय आणखी बाहेर ढकलतो. त्याला बाहेरच्या कडेला उंची आणि अंगठ्याच्या मुळाखाली खोलगट जागा लागते. डॉक्टरांनी त्याला आधी मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण उंच कमानीच्या मागे बऱ्याचदा मज्जातंतूंचा आजार असतो. नसांची तपासणी झाली आणि शार्को-मारी-टूथ निघाला. 1886 पासून माहीत असलेला, घराण्यातून येणारा आजार. म्हणून आता दादाचेही पाय तपासायचे आहेत.

त्याचीही एक तपासणी उभं करूनच झाली. टाच आणि तळव्याची बाहेरची कड लाकडी ठोकळ्यावर, अंगठ्याकडचा भाग ठोकळ्याबाहेर खाली सोडलेला. तसं उभं राहिल्यावर त्याची टाच सरळ झाली. म्हणजे टाच अजून मोकळी आहे, तिला वळवतंय ते अंगठ्यामागचं खाली झुकलेलं हाड. ते हाड कापून वर उचलणं आणि टेंडनचं संतुलन साधणं, एवढ्यावर भागेल असा अंदाज आहे. टाच सरळ झाली नसती तर टाचेचं हाडही कापावं लागलं असतं. आजार पुढे सरकणारा आहे, म्हणून थांबायचं ते फक्त बारावीच्या परीक्षेपर्यंत. माझी कमोडची खुर्ची आणि वॉकर मी त्याच्यासाठी पुसून ठेवलेत.