स्टेपर ड्रायव्हरचा सप्लाय: 24 की 48, एसएमपीएस की ट्रान्सफॉर्मर?

तीन नेमा 23 (मोटरचा एक ठराविक आकार) स्टेपर मोटर, त्यांना करंट देणारे डीएम542 जातीचे तीन ड्रायव्हर आणि 5 मिमी पिचचे, म्हणजे फेरीला 5 मिमी सरकवणारे बॉलस्क्रू, ही छोट्या सीएनसी राउटरची (संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनची) नेहमीची जुळणी. सप्लाय घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "किती अँपिअर?" पण आधी ठरवायचे असतात ते व्होल्ट.

मोटरवर 2.8 अँपिअर, 0.9 ओहम लिहिलेलं असतं. गुणाकार केला की 2.5 व्होल्ट येतात, आणि मग 12 व्होल्ट भरपूर वाटतात. इथेच फसगत होते. हे ड्रायव्हर चॉपर आहेत, म्हणजे व्होल्टेज झरझर चालू-बंद करून करंट ते स्वतःच आवरतात. जास्तीचे व्होल्ट लागतात ते कॉइलमध्ये करंट झटपट चढावा म्हणून. कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा विरोध, 2.5 मिलिहेन्री असेल तर 2.8 अँपिअरपर्यंत चढायला 24 व्होल्टवर साधारण 0.29 मिलिसेकंद लागतात, 48 वर 0.15. मिनिटाला 3000 मिमी सरकायचं तर मोटर 600 आरपीएमवर फिरते, म्हणजे फेरीला 200 स्टेप धरल्या तर एका फुल स्टेपच्या वाट्याला 0.5 मिलिसेकंद. 24 वर त्यातला निम्म्याहून जास्त वेळ चढण्यातच जातो, आणि वेगाबरोबर वाढणारा बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरचं स्वतःचं उलटं व्होल्टेज) यात धरलेलाच नाही. म्हणून 24 वरचं मशीन सावकाश कापताना दणकट वाटतं आणि रॅपिडला (न कापता वेगाने सरकताना) स्टेप सोडतं.

वरच्या टोकाचा ठोकताळा असा: मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला 32 ने गुणा. इथे 50 व्होल्ट येतात. त्यापुढे मोटर तापते, फायदा फारसा नाही. लहान नेमा 17 मोटर आणि ए4988 चिपचा ड्रायव्हर असेल तर मात्र डोकं न खपवता 24 घ्या. त्या चिपची मर्यादाच 35 आहे.

आता अँपिअर. तिन्ही मोटरच्या रेटेड करंटची बेरीज 8.4, तिचे दोन तृतीयांश म्हणजे 5.6. 48 व्होल्ट, 350 वॅटचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा तयार सप्लाय) 7.3 देतो, झालं काम.

एसएमपीएस हलका, आटोपशीर, आणि लाइन वरखाली झाली तरी आउटपुट जागचं हलत नाही. त्याचं दुखणं ब्रेकिंगचं. जड गॅन्ट्री (मशीनचा सरकता पूल) अचानक थांबली की मोटर जनरेटर होते, ऊर्जा ड्रायव्हरमधून मागे येते आणि सप्लायच्या डीसी तारांवरचं व्होल्टेज वर चढतं. डीएम542 ची मर्यादा 50, सप्लाय 48. मधे राहिले दोन व्होल्ट. ड्रायव्हर फॉल्टला जातो, नाहीतर एसएमपीएसचं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन पडतं. उपाय सोपा आहे: मीटर लावून ट्रिम पॉटने (सप्लायवरच्या छोट्या स्क्रूने) आउटपुट 44 वर आणा. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी बाजूच्या जाळीतून दिसणारा 115/230 चा स्विच बघाच. तो 115 वर राहिला तर सप्लाय जागीच जातो.

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) आणि कपॅसिटरचा साधा सप्लाय ही परत आलेली ऊर्जा मुकाट्याने पोटात घेतो, क्षणिक ओव्हरलोडही सोसतो. पण तो लाइनबरोबर वरखाली होतो. 32 व्होल्ट एसीचे कागदावर 44 डीसी होतात. भोसरीत रात्री शेजारचे शेड बंद झाल्यावर लाइन 250 ला गेली आणि लोड नसेल, तर तेच 50 ओलांडतात. म्हणून डीएम542 ला 28 व्होल्टचं वाइंडिंग सांगा, 300 व्हीए. सोबत 35 अँपिअरचा ब्रिज पत्र्यावर घट्ट बसवून आणि 6800 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचे दोन कपॅसिटर. त्यांच्यावर 2.2 किलोओहम, 2 वॅटचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) हवाच, नाहीतर बंद पॅनेलमध्ये हात घालणाऱ्याला चटका ठरलेला. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) घेतलात तर चालू करताना एमसीबी पडू शकतो. फ्यूज स्लो-ब्लो टाका, लाइनमध्ये एनटीसी (सुरुवातीचा करंट आवरणारा थर्मिस्टर) द्या.

आमचा कौल: राउटर, प्लॉटर, लहान लेझर यांना 44 वर आणलेला 48 चा एसएमपीएस. ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि वाइंडिंग करून घेण्याची खटपट सोसायची ती जड टेबल झटकन थांबवायचं असेल तेव्हाच. दोन 24 चे एसएमपीएस सिरीजमध्ये जोडण्याची काटकसर नको.

सप्लाय कोणताही असो, प्रत्येक ड्रायव्हरला 1.5 चौरस मिमीची वेगळी जोडी थेट सप्लायपासून न्या. एका ड्रायव्हरवरून दुसऱ्यावर उडी मारली की शेवटच्याला खड्डे पडलेलं व्होल्टेज मिळतं, आणि मग दोष उगाच मोटरला लागतो.