गप्पीच्या पिल्लांसाठी स्पंज फिल्टर : आठ महिने वापरून झाल्यावर

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. हंगामात घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. आल्यावर हातपाय धुतले की पहिला माशांच्या टाकीपुढे जाऊन बसतो. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवर वाचतच आमची पिढी वाढली. हौदातली ती राखाडी गप्पी आणि दुकानातली रंगीत शेपटीची गप्पी, जात एकच. ती घरी वाढवायची, पिल्लं मोठी करायची, ही इच्छा फार जुनी होती.

टाकी काचवाल्याकडून 2 बाय 1 बाय 1 फुटांची करून घेतली, साधारण 50 लिटर पाणी बसतं. सिलिकॉन वाळायला दोन दिवस दिले, मग गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवून एक दिवस भरून ठेवली. कागद कोरडा राहिला तेव्हाच घरात आणली.

चूक झाली ती फिल्टरमध्ये. पहिल्यांदा मोटरवाला, आत बसणारा फिल्टर घेतला. पाणी आरशासारखं झालं. पहिली मादी व्याली त्या रात्री लेकीनं एकतीस पिल्लं मोजली. तिसऱ्या दिवशी चारच दिसली. फिल्टर उघडला तर आतल्या कापसात बाकीची चिकटलेली. लेक दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही. त्या आठवड्यात मी दोन स्पंजचा फिल्टर आणि दोन तोंडांचा एअर पंप घेऊन आलो. दोन्ही मिळून साडेसहाशे रुपये.

याच्यात मोटर नाही. पंपाची हवा नळीतून खाली जाते, बुडबुडे वर चढताना पाणी सोबत ओढतात आणि ते पाणी स्पंजमधून हळूहळू येतं. ओढ इतकी मंद की काल जन्मलेलं पिल्लू स्पंजला टेकून चरत असतं. खरंच चरतं. स्पंजवर जे बारीक शेवाळ आणि जीव साठतात ते दिवसभर टिपत राहतं. पिल्लांना आयतं खाणं मिळतं, हा फायदा मला वापरल्यावरच कळला.

पण खरं काम दिसत नाही ते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. स्पंजच्या छिद्रांतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला माझ्याकडे पाच आठवडे लागले. तोवर एक नर आणि तीन माद्या एवढ्यांवरच थांबलो, खाणं चिमूटभर. घाई करून दहा-पंधरा मासे एकदम सोडू नका. दुकानातून आणलेली मादी बहुतेक गाभणीच असते. नर बाजूला काढला तरी ती साठवलेल्या वीर्यावर पुढे काही महिने वीत राहते.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात. मी टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात तीन-चारदा पिळतो. पाणी काळपट तपकिरी निघतं, ते कढीपत्त्याला घालतो. एका वेळी एकच स्पंज पिळायचा, दुसरा पुढच्या पंधरवड्यात. टाकीत नवं घालायचं पाणीही एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं. पावसाळ्यात नळाला गढूळ आलं की पाणी बदलणं मी पुढे ढकलतो.

आता उणं काय ते. नवा स्पंज तरंगतो, पाण्यात दाबून हवा काढावी लागते. पंप रात्री घरघरतो, खाली जाड फोम घातल्यावर कमी झालं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीत बसवायचा, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाकिटात नव्हता. माझा पंप टाकीच्या खालच्या फळीवर. लाईट गेली आणि नळीतून पाणी उलटं पंपात उतरायला लागलं, मी घरी होतो म्हणून वाचलो. वीस-तीस रुपयांचा व्हॉल्व्ह आहे, तो घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. पाणीही मोटरच्या फिल्टरइतकं चकचकीत होत नाही. तळाची घाण आठवड्याला नळीनं ओढावीच लागते, नळीच्या तोंडाला जाळी बांधून.

प्लॅस्टिकचा व्यायचा डबा घेऊ नका असं मी सांगेन. त्यात कोंडलेली माझी एक मादी न विताच मेली. त्यापेक्षा हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीचा दाट झुबका सोडा. मागच्या महिन्यात मी मादी विताना अगदी काचेला नाक लावून पाहिली. पोटामागचा काळा डाग गडद झालेला, पोट चौकोनी. पिल्लू गुंडाळी होऊन बाहेर पडलं, तळाकडे घरंगळलं, मध्येच उलगडलं आणि सरळ हॉर्नवर्टमध्ये घुसलं. मादी त्याला खायला मागे वळली तोवर ते दिसेनासं झालं होतं. त्या वितीतली तेवीस पिल्लं आज नीट खातायत.

गेल्या रविवारी याच टाकीत आणखी एक कोरा स्पंज फिल्टर लावून ठेवलाय. महिनाभरात त्यात जिवाणू बसले की तो नव्या टाकीत जाईल. तिथे नर वेगळे वाढवायचे आहेत.